अंगण नाही, पाइप नाही, तरी सायकल साफ कशी ठेवायची?

प्रश्न असा आहे: ठाण्यात चौथ्या मजल्यावर ४०० चौरस फुटांचा वन बीएचके. सोसायटीने पार्किंगमध्ये पाइप लावून गाड्या धुवायला मनाई केली आहे. सायकल हायब्रिड, २१ गिअरची, वायरवाल्या डिस्क ब्रेकची. रोज ऑफिसला जाऊन-येऊन २० किमी. चेन काळीकुट्ट, फरशीवर डाग, भिंतीवर टायरचे पट्टे, आणि घरच्यांनी सांगून टाकलंय की सायकल स्वच्छ ठेव, नाहीतर खाली ठेव. मग धुवायची कुठे आणि कशी?

उत्तर आधीच सांगतो. सायकल धुवायची वेळ वर्षातून फार तर चार-पाचदा येते, तीही पावसाळ्यात. एरवी ती पुसायची असते. मी पुण्यात २२ वर्षं सायकली दुरुस्त करतोय आणि स्वतः दोन खोल्यांत राहतो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. घरात माझी आणि मुलीची अशा दोन सायकली आहेत. इतक्या वर्षांत धुळीने बिघडलेल्या सायकली खूप पाहिल्या, पण पाण्याने बिघडलेल्या त्याहून जास्त पाहिल्या. तेव्हा पाइप नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

गेल्या दिवाळीच्या आधी एक गिऱ्हाईक मागचं चाक घेऊन आलं. चाक फिरवलं की एक्सलमधून हाताला खरखर लागायची. सायकल एरवी शोरूममधून काढल्यासारखी, कारण दर रविवारी मोटरसायकलच्या वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरने धुवून घ्यायचे. घरात जागा नाही म्हणून. मी हब, म्हणजे चाकाच्या मधला बेअरिंगचा भाग, उघडला. चांगलं ग्रीस लोण्यासारखं असतं, बोटाला चिकटून राहतं. इथे आतून निघाला तो दुधाळ चहाच्या रंगाचा पातळ लगदा. त्यातला एक छर्रा पुसून उजेडात धरला तर त्यावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे. छर्रे ज्यावर फिरतात तो कोनही तसाच खाल्लेला. हब, बीबी (पेडलच्या आसाचं बेअरिंग) आणि हँडलखालच्या बेअरिंगच्या कपांना जी रबरं असतात ती पावसाचं पाणी अडवण्यापुरती असतात. प्रेशरचा फवारा त्यांच्या कडेतून सरळ आत घुसतो, आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. शिवाय बऱ्याच सेंटरवर शेवटी चकाकीसाठी डिझेलचा किंवा ऑइलचा फवारा मारतात. मोटरसायकलला ते खपून जात असेल. तुमच्या उघड्या डिस्कवर तो बसला की ब्रेक गेले म्हणून समजा. घरात जागा नाही म्हणून वॉशिंग सेंटर, हा मार्ग आधी बंद करा.

आता फरशीवरच्या डागांकडे येऊ. ते सगळे चेनचे आहेत, आणि चेन काळी का होते ते समजलं की निम्मं काम झालं. तुमच्या चेनमध्ये शंभराहून जास्त कड्या आहेत आणि प्रत्येक कडीत एक पिन आणि त्याभोवती फिरणारा एक रोलर आहे. तेल हवं असतं ते या पिन आणि रोलरच्या मधे, आतल्या बाजूला. बाहेरच्या पट्ट्यांवर तेलाचा उपयोग जवळजवळ नाहीच, गंज लागू नये इतका हलका हात पुरतो. पण आपण करतो काय, चेन कोरडी वाटली की वरून तेलाची धार सोडतो. ते बाहेर चिकटून बसतं, रस्त्यावरची धूळ धरतं, त्यात चेनची स्वतःची झिजलेली पोलादाची भुकटी मिसळते आणि त्याचा काळा चिखल होतो. हाच चिखल पँटला लागतो, फरशीवर गळतो, आणि हळूहळू आत शिरून पॉलिश पेपरसारखा पिना घासत राहतो. म्हणजे घर खराब करणारी आणि सायकल खराब करणारी गोष्ट एकच आहे. ती काढली की घरचेही खूश आणि फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, तोही जास्त टिकतो.

म्हणून पहिली सवय लावा तीन मिनिटांची. घरी आलात की सायकल दारातच थांबवायची. दाराच्या आत एक जुना फ्लेक्स अंथरून ठेवा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, दुकानांचे उतरवलेले फ्लेक्स कुठेही मिळतात. सहा बाय तीन फुटांचा तुकडा पुरे. त्यातून तेल झिरपत नाही, आणि काम झालं की गुंडाळून दाराआड उभा राहतो. वर्तमानपत्र अंथराल तर तेल त्यातून पार होऊन फरशीच्या सांध्यात जाईल. आधी ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने दोन्ही टायर पुसा, म्हणजे घरात माती येत नाही आणि टायरमध्ये रुतलेली काचही हाताला लागते. याच वेळी मी आजवर कितीतरी पंक्चर होण्याआधी वाचवली आहेत. मग गिअर मधल्या चकतीवर आणून ठेवा, कारण टोकाच्या गिअरवर पेडल उलटं फिरवलं तर चेन उतरते. चेनचा खालचा पदर कोरड्या सुती फडक्यात मुठीत धरायचा आणि पेडल उलटं फिरवत दहा-पंधरा फेरे काढायचे. झालं. रोज नाही जमलं तरी आठवड्यातून तीनदा करा. एका आठवड्यात फडक्यावर येणारा काळा रंग कमी होतो, हे तुमच्याच डोळ्यांना दिसेल.

फडकी तीन ठेवा आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नका. एक फ्रेमचं, एक चाकांचं, एक चेनचं. जुनं बनियन किंवा सुती साडीचा तुकडा सगळ्यांत उत्तम. टेरिकॉट काही शोषत नाही, नुसतं पसरवतं. चेनचं फडकं वॉशिंग मशीनमध्ये कधीही जाता कामा नये. ते चार-सहा वेळा वापरून टाकून द्यायचं.

सायकल नेता-आणतानाही एक गोष्ट पाळा. ती कायम आपल्या उजव्या हाताला ठेवायची. चेन उजवीकडे असते, त्यामुळे जिन्यात उचलतानाही ती आपल्या अंगापासून लांब राहते. घरात उभी करताना चेनची बाजू भिंतीकडे करा आणि भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत पुठ्ठा किंवा फ्लेक्सचा तुकडा लावा. उलट ठेवलीत तर येणाऱ्या-जाणाऱ्याचा गाऊन, लेंगा, शाळेचा गणवेश काही ना काही तिथे घासतंच.

दर रविवारी अर्धा तास काढा. यालाही अर्ध्या बादलीपेक्षा जास्त पाणी लागत नाही. ड्राय बाल्कनी असेल तर तिथे, नसेल तर मोरीत. मोरी लहान असली तर पुढचं चाक काढा, सायकल फूटभर आखूड होते. तरीही मावली नाही तर मागच्या चाकावर उभी करा, भिंतीला टेकवून. बाल्कनीत करणार असाल तर खालच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत ना, हे आधी वाकून बघा. माझ्या हातून एकदा खालच्यांच्या पांढऱ्या चादरीवर काळे थेंब गेले होते. चादर भरून दिली, पण संबंध पूर्ववत व्हायला पाऊस संपेपर्यंत वेळ लागला.

माती सुकलेली असेल तर पाणी लावायच्या आधी ती कोरडीच झटकायची. देशावरची काळी माती ओली असताना मेणासारखी चिकटते, रगडाल तर पसरते. वाळली की तिचे पोपडे रंगाच्या मऊ ब्रशने सहज निघतात. कोकणातली लाल माती वेगळी. तिच्यात बारीक कच असते, ती कोरड्या फडक्याने घासलीत तर फ्रेमच्या रंगावर ओरखडे उठतात. तिला आधी भिजवायचं आणि ओघळून जाऊ द्यायचं. यासाठी नर्सरीत मिळणारा, हाताने हवा भरायचा दोन लिटरचा फवारणी पंप घ्या. त्याची धार मऊ असते, पाणी थोडं लागतं आणि बेअरिंगमध्ये घुसण्याइतका जोर त्यात नसतो. साबण भांडी घासायच्या लिक्विडचाच, मगभर पाण्यात अर्धा चमचा. या लिक्विडांमध्ये घट्टपणासाठी बहुधा मीठ असतं, म्हणून साबण सायकलवर वाळू द्यायचा नाही, लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्यायचा. वरून खाली या: हँडल, सीट, फ्रेम, मग चाकं. चेनच्या भागाला हात शेवटी.

फ्रीव्हीलच्या चकत्यांमधला कचरा ब्रशने नीट निघत नाही. मागचं चाक काढा (आधी सगळ्यांत लहान चकतीवर गिअर आणून ठेवलात तर सोपं जातं), फ्लेक्सवर आडवं धरा आणि लेंग्याची जुनी नाडी दोन चकत्यांमध्ये घालून बुटाला पॉलिश करतात तशी मागे-पुढे ओढा. सात चकत्या, सहा फटी, पाच मिनिटं. मागच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाच्या, दोन छोट्या पुल्यांवर काळ्या रबरासारखा थर बसलेला असतो. पेडल उलटं फिरवत तिथे आइस्क्रीमची काडी किंवा बांबूची काडी हलकी टेकवली की तो साखळीसारखा सुटून येतो. फरशीवर पडणारे मोठे काळे गोळे बहुतेक इथलेच असतात.

आता चेन खोलून धुण्याचं काम. महिन्या-दीड महिन्यातून एकदा, आणि हे सायकलवरून चेन उतरवूनच करा. सायकलवर लावायचं चेन क्लीनरचं खोकं मिळतं, अंगणात ते छान चालतं, पण घरात त्यातून उडणारे शिंतोडे भिंतीवर जातात. तुमच्या सातच्या (मागे सात चकत्या असलेल्या सायकलच्या) चेनला बहुधा मास्टर लिंक असेल, म्हणजे एक वेगळी दिसणारी कडी, जिच्या पिना थोड्या सरकतात. तिचा पक्कड-पाना नसेल तर जुन्या ब्रेकवायरचा तुकडा किंवा बुटाची मजबूत लेस कडीच्या दोन्ही रोलरभोवती फिरवून गाठ ओढा, लिंक टक्कन सुटते. सातच्या चेनची ही लिंक पुन्हा वापरता येते. ११-१२ गिअरच्या काही लिंका मात्र कंपन्या एकदाच वापरायला देतात, ते पाकिटावर बघायचं.

रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत चेन टाका, ती बुडेल इतकं रॉकेल किंवा रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन ओता, झाकण घट्ट लावा आणि दोन मिनिटं हलवा. अर्धा तास ठेवून पुन्हा हलवा. ते काळं द्रव दुसऱ्या बरणीत काढून ठेवा, चेनला ताजं थोडं घालून परत हलवा. पहिली बरणी दोन दिवस न हलवता ठेवली की गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळ पुढच्या वेळी वापरता येतं. अर्धा लिटरमध्ये माझं सहा महिने भागतं. तळाचा गाळ बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतायचा नाही. नहाणी ट्रॅपमध्ये तो साचतो, वास आठवडाभर जात नाही आणि शेवटी ते नदीतच जातं. मोटरसायकलचं जुनं ऑइल साठवणाऱ्या गॅरेजवाल्याकडे तो देऊन टाका.

चेन साफ झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, कानाने ठरवा. चेन वाळवा, कानाजवळ धरा आणि आडवी वाकवत न्या. आत कचरा असेल तर खडीसाखर दाताखाली आल्यासारखा बारीक कर्र आवाज येतो. बाहेरून चांदीसारखी चमकणारी चेनही असा आवाज करते. आवाज गेला की धुणं संपलं.

इथे एक इशारा गंभीरपणे देतो. हे काम दार-खिडक्या उघड्या ठेवून करा, आणि जिथे गॅस गिझर असेल तिथे करूच नका. आपल्याकडे अनेक फ्लॅटमध्ये गॅस गिझर नेमका ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूममध्येच असतो. तुम्ही बरणी हलवत असताना घरात कोणी गरम पाण्याचा नळ सोडला की तिथे ज्योत पेटते. देवघरातलं निरांजनही आधी शांत होऊ द्या. रॉकेलची वाफ साधारण ३८ अंशांपासून पुढे पेट घेऊ शकते, टर्पेंटाइनचंही फार वेगळं नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिकडच्यांनी हे काम पहाटेच करावं. पेट्रोल अजिबात नाही. गॅरेजमध्ये वापरताना पाहिलं असेल, तरी घरात नाही.

तेल घालण्याची पद्धत सोपी आहे पण घाईत चुकते. चेन पूर्ण वाळलेली हवी. खालच्या पदरावर आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब, मास्टर लिंकपासून सुरू करून परत मास्टर लिंकपर्यंत. मग दोन मिनिटं पेडल फिरवा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी निघण्याआधी बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. हे शेवटचं पुसणं निम्मे लोक करत नाहीत, आणि तिथूनच फरशीचे डाग सुरू होतात. तेल सायकलच्या चेनचंच घ्या. शिलाई मशीनचं पातळ तेल कोरड्या दिवसांत चार दिवस चालतं. इंजिन ऑइल धुळीला बोलावतं. खोबरेल तर नकोच, थंडीत ते बाटलीत गोठतं तसं चेनमध्येही गोठतं. डब्ल्यूडी-४० बद्दल रोज विचारणा होते: पाणी हाकलायला आणि गंजलेला नट सोडवायला तो स्प्रे चांगला, चेनचं तेल म्हणून तो टिकत नाही.

तुमच्यासारख्या छोट्या घराला मेणाचा पर्यायही सांगतो, कारण मला स्वतःला तोच आवडतो. पूर्ण तेलमुक्त केलेली चेन वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवायची. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात जुनं स्टीलचं भांडं, त्यात मेण. असं केलं की मेण १०० अंशांच्या वर जात नाही. बुडबुडे यायचे थांबले की चेन तारेने काढून टांगा, गार झाली की कड्या हाताने मोकळ्या करा. अशी चेन हाताला काळं लावत नाही, पांढऱ्या भिंतीला टेकली तरी चालते. रॉकेलचा अंशही चेनमध्ये राहिलेला नसावा, हे गॅसजवळ नेण्याआधी पक्कं करा. कोरड्या रस्त्यावर एका बुडवणीत २५०-३०० किमी निघतात, म्हणजे तुमचे जवळपास तीन आठवडे. पण जून ते सप्टेंबर मेण विसरा. ठाण्याच्या पावसात ते दोन दिवसांत धुऊन जातं आणि तिसऱ्या दिवशी चेनवर तांबूस गंज दिसतो. पावसाळ्यात घट्ट, ओल्या हवामानाचं चेन ऑइल घाला, भिजून आल्यावर चेन पुसा आणि सीटचा दांडा फ्रेममध्ये शिरतो त्या तोंडाशी फडकं फिरवा. खाडीकडून किंवा समुद्रकाठाने जाणं असेल तर वारा खारा असतो. आऱ्यांच्या टोकांची निपलं आणि उघडे बोल्ट साध्या पाण्याच्या फडक्याने आठवड्यातून एकदा पुसले नाहीत तर वर्षाच्या आत गंजाने धरतात.

डिस्कला बोट लावू नका आणि चेनचं फडकं तिच्या आसपासही नको. ती पुसायची स्वच्छ नव्या फडक्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते चिकटून राहतं. चेनला स्प्रे मारताना डिस्कवर प्लास्टिकची पिशवी चढवा. एकदा पॅडने तेल पिलं की ब्रेक किंचाळतात आणि धरत नाहीत, मग पॅड बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

फरशीवर आधीच पडलेल्या डागांवर थेट पाणी ओतू नका. कोरड्या कागदाने टिपा, दोन थेंब टर्पेंटाइन जुन्या टूथब्रशवर घेऊन सांध्यात घासा, टिपा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. हाताला खोबरेल आणि साखर चोळा, नंतर साबण. रॉकेलने हात धुवायची सवय मला होती, त्याने बोटांना भेगा पडल्या आणि त्या बऱ्या व्हायला एक हिवाळा गेला.

हे सगळं सुरू करण्याआधी या रविवारी एक माप घ्या. शाळेची १२ इंची स्टीलची पट्टी चेनच्या ताणलेल्या पदरावर धरा, शून्य एका पिनच्या मध्यावर. नव्या चेनवर १२ इंचांची खूण बरोबर चोविसाव्या कडीच्या पिनवर येते. पिन खुणेच्या दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन धुण्यात वेळ घालवू नका, नवीन घ्या. तीन मिलिमीटर गेली असेल तर फ्रीव्हीलही तिच्याबरोबर झिजलेलं असणार आणि नवी चेन त्यावर घसरेल. माप कळवा, मग नेमकं काय बदलायचं ते सांगतो.